'सरनं' म्हणणारी आज्जी आणि 'बाणातला ण'

गेल्या वर्षावासात आमचा गट कळंब तालुक्यातल्या एका वस्तीत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या वाचनाला जात होता. विहार म्हणजे पत्र्याची एक खोली, समोर तथागतांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, खाली सतरंज्या. वाचनाआधीची वंदना एक सत्तरी ओलांडलेली आज्जी घ्यायची. तिला अक्षरओळख नाही. सासऱ्यानं धम्मदीक्षेनंतर जे पाठ केलं ते तिनं चुलीपुढं बसून ऐकलं आणि तसंच पन्नास वर्षं म्हणत आली. तिच्या तोंडी 'सरणं'चं 'सरनं' होतं, 'वेरमणी'चं 'येरमनी' आणि 'सिक्खापदं'चं 'शिकापदं'. एका पौर्णिमेला आमच्यातल्याच, स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका तरुणानं तिला मध्येच थांबवलं. "आज्जी, सरनं नाही, सरणं. ण, बाणातला ण." पोरं हसली. आज्जीही हसली, तोंडाला पदर लावला, कशीबशी वंदना पुरी केली. पुढच्या पौर्णिमेला ती मागं भिंतीला टेकून बसली. म्हणाली, "मला न्हाई येत बाबा सुद्द. आता पोरीबाळीच म्हनतील."

त्या दिवशी आम्ही तिथंच होतो आणि आमच्यापैकी कुणीही तोंड उघडलं नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी आम्हालाही वाटलं, पोरगं बरोबरच सांगतंय. घरी येताना गाडीवर मात्र ते खुपायला लागलं. ज्या धम्मात आपण माणूस म्हणून उभं राहायला आलो, त्या धम्माच्या दारात उच्चाराची चाळणी कुणी लावली? ही चाळणी आपली आहे का? हे शोधताना जे हाती लागलं ते इथं मांडतो आहोत.

सुरुवात खुद्द तथागतांपासून करू, कारण हाच खटला त्यांच्यापुढं अडीच हजार वर्षांपूर्वी चालला होता. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात दोन भिक्खूंची हकीकत आहे. दोघं भाऊ, जन्मानं ब्राह्मण, वाणी गोड आणि घडवलेली. ते तथागतांकडं तक्रार घेऊन आले. संघात वेगवेगळ्या नावांचे, गोत्रांचे, जातींचे, कुळांचे लोक आले आहेत आणि ते आपापल्या बोलण्यानं बुद्धवचन बिघडवत आहेत. तेव्हा आम्ही ते छंदात बांधतो, म्हणजे वेदाच्या वळणावर नेऊन ठेवतो. तथागतांनी त्यांची कानउघाडणी केली, बुद्धवचन छंदात नेणं हा भिक्खूचा दोष ठरवला आणि 'सकाय निरुत्तिया' शिकायला सांगितलं. या दोन शब्दांचा अर्थ काय यावर पंडितांत वाद आहे. 'ज्याच्या त्याच्या बोलीत' असा अर्थ बरेच जण घेतात. पाचव्या शतकातल्या बुद्धघोषांनी 'बुद्धाच्या स्वतःच्या, म्हणजे मागधी भाषेत' असा लावला. वाद राहू द्या. दोन्ही अर्थांत एक गोष्ट पक्की राहते: शुद्धतेच्या नावानं आलेला प्रस्ताव फेटाळला गेला. तक्रारीतले शब्दही नीट ऐका. बिघाड कशामुळं होतो, तर नाना जातींची माणसं आल्यामुळं. उच्चाराची तक्रार आणि जातीची तक्रार तिथं एकाच वाक्यात आहे.

मज्झिम निकायातलं अरणविभंग सुत्त आमच्या विषयाच्या आणखी जवळ जातं. तिथं उदाहरण आहे साध्या भांड्याचं. एकाच भांड्याला एका जनपदात 'पाती' म्हणतात, दुसरीकडं 'पत्त', तिसरीकडं 'सराव', कुठं 'पोण'. तथागत सांगतात, माझ्याकडचाच शब्द खरा, बाकी सगळे चूक, असा हट्ट धरू नका. जिथं जाल तिथं लोक जे म्हणतात ते म्हणा. भांडण नको म्हणून दिलेला हा उपदेश आहे. त्याची दुसरी धारही आपण विसरू नये. आपल्या बोलीचा ताठाही त्यात बसत नाही. 'आमचीच मराठवाडी अस्सल, पुण्याची बेगडी' असं म्हणणाऱ्यालाही हे सुत्त लागू आहे.

आता अशोकाकडं या. लुंबिनीच्या स्तंभावर सम्राटानं स्वतःचा उल्लेख कसा केला आहे? 'राजा' नाही, 'लाजा'. मगध आणि पूर्वेकडच्या लेखांत 'र'च्या जागी 'ल' येतो. गिरनारच्या शिलालेखात तोच राजा 'राजा' होतो, कारण तो लेख पश्चिमेकडच्या लोकांसाठी आहे. आणखी एक गंमत, जी आमच्या आज्जीला सांगायलाच हवी: पूर्वेकडच्या त्या लेखांत 'ण' जवळजवळ नाहीच. जिथं पश्चिमेचा लेख 'ण' लिहितो तिथं पूर्वेचा 'न' लिहितो. म्हणजे आज्जीचं 'सरनं' पाटलिपुत्रात कुणालाही खटकलं नसतं. ज्या साम्राज्यात राजा स्वतःला 'लाजा' म्हणवून घेतो आणि दगडात कोरूनही ठेवतो, तिथं 'बाणातला ण' कोण कुणाला शिकवणार?

याच्या उलट परंपरा पतंजलीच्या महाभाष्याच्या सुरुवातीला सापडते. व्याकरण का शिकावं, याचं कारण देताना पतंजली असुरांची गोष्ट सांगतो. असुर 'हे अरयः' म्हणण्याऐवजी 'हेलयः' म्हणाले आणि म्हणून हरले. तेव्हा ब्राह्मणानं म्लेच्छासारखं बोलू नये. असुरांचा अपराध काय, तर 'र'चा 'ल' केला. मगधात हाच 'ल' राजाच्या तोंडी होता. पतंजलीनं ही गोष्ट अशोकाला डिवचण्यासाठी रचली, असं आम्ही म्हणणार नाही. गोष्ट त्याहून जुनी आहे, तिचं एक रूप शतपथ ब्राह्मणातही आहे. आपल्या बाजूचा म्हणून कच्चा पुरावा वापरायचा नाही, ही सवय बाबासाहेबांनीच लावली आहे. पण दोन परंपरांतला फरक यात दिसतोच. एकीकडं उच्चार बदलला तर माणूस हरतो, दुसरीकडं उच्चार बदलला तरी धम्म तोच राहतो. पतंजली पुढं 'गौ' शब्दाची लोकांच्या तोंडची रूपं देतो, गावी, गोणी, गोता, गोपोतलिका, आणि त्यांना अपभ्रंश म्हणतो. आज त्याचा 'गौ' पूजेच्या मंत्रात उरला आहे. गोठ्यात मात्र 'गाय'च आहे, जी त्याच्या हिशेबानं बिघडलेलीच.

आपल्या जिल्ह्यात याचा सगळ्यात मोठा पुरावा तेर आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात 'तगर' नावाची बाजारपेठ आहे. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, तिथून कापड गाड्यांनी भडोचच्या बंदराला जायचं. हे तगर म्हणजे आपलं तेर, हे फ्लीट यांनी १९०१ साली मांडलं. तिथले बौद्ध अवशेष, त्रिविक्रम मंदिरातली चैत्यासारखी जुनी विटांची वास्तू, लामतुरे संग्रहालयातल्या वस्तू आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. पण आमचं लक्ष इथं नावाकडं आहे. 'तगर'चं 'तेर' कुणी केलं? कुठल्या शास्त्र्यानं नव्हे. कापूस वाहणाऱ्या गाडीवानानं, कुंभारानं, विणकरानं, बाजाराला आलेल्या बाईनं मधला 'ग' सोडून दिला. तगर, तअर, तयर, तेर. अगदी याच वाटेनं 'नगर'चं 'नेर' झालं, म्हणून संगमनेर, पारनेर, अमळनेर. 'हस्त'चा हात, 'कर्ण'चा कान, 'क्षेत्र'चं शेत, 'ग्राम'चा गाव. आज ज्याला शुद्ध मराठी म्हणतात ती अशा 'चुकां'चीच रास आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रानं मराठीला अभिजात दर्जा दिला तेव्हा त्याच निर्णयात पाली आणि प्राकृतही होत्या. म्हणजे सरकारी कागदावर सन्मान मिळाला तो ज्यांना शतकानुशतकं अपभ्रष्ट म्हटलं गेलं त्या भाषांना. जल्लोष मात्र बहुतेक ठिकाणी 'शुद्ध मराठी बोला'च्या फलकाखाली झाला.

कुणी म्हणेल, हे जुन्या काळाचं झालं, आता प्रमाण ठरलेलं आहे. म्हणून उसन्या शब्दांकडं येऊ. उच्चाराच्या न्यायनिवाड्यात उसना शब्द हा सगळ्यात चांगला साक्षीदार असतो, कारण तिथं 'मूळ आमचं' असं गावातल्या कुणालाच म्हणता येत नाही. मूळ अरबस्तानात, इराणात, पोर्तुगालात नाहीतर लंडनमध्ये. सगळेच उसनवारीवाले.

'कुलूप' घ्या. मूळ अरबी 'कुफ्ल'. मराठी तोंडानं 'फ' आणि 'ल' यांची जागा उलटी केली. पुण्यातल्या वाड्याला लागतं तेही कुलूपच, आणि त्याला कुणी हसत नाही. कोशात ते शुद्ध मराठी. आता आमच्या भूम-परंड्याची बाई अतिवृष्टीच्या पंचनाम्यासाठी उभी राहते आणि म्हणते, "लई नुस्कान झालं साहेब." तिनंही तेच केलं आहे, 'नुकसान'मधल्या 'क' आणि 'स' यांची जागा बदलली. 'मतलब'चं 'मतबल' करणारा म्हातारा तेच करतो. तीनही शब्द अरबी मुळाचे, तिघांत अक्षरांची अदलाबदल तीच. पण कुलूप शुद्ध आणि नुस्कान गावंढळ. हा फरक ध्वनीत नाही. कुलूप म्हणणाऱ्याच्या हातात किल्ली होती, एवढाच फरक आहे.

'हक्क' हा तर आपल्या चळवळीचा श्वास. तोही अरबी. त्यातला घशातून येणारा 'ह' आणि पडजिभेजवळचा 'क' महाराष्ट्रात कुणालाच येत नाही, पुणेकरालाही नाही. कायदा, वकील, अर्ज, इनाम, वतन, कलम, सगळ्यांची तीच गत. १९४१ च्या फेब्रुवारीत बाबासाहेब आपल्या जिल्ह्यात महार-मांग वतनदार परिषदेला आले ते गाव 'कसबे तडवळे'. 'कसबे' अरबी, 'वतनदार'मधला 'वतन' अरबी आणि 'दार' फारसी. आम्ही गावाला 'तडवळं' म्हणतो, पाटीवर 'तडवळे' आहे, आणि अरबी माणसाला दोन्ही ऐकून 'कसबा' ओळखू आला नसता. खुद्द बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारली गेली आणि फारसी घ्यावी लागली, हे आपल्याला पाठ आहे. ज्या भाषेच्या उच्चाराची एवढी मिजास, तिचा वर्गच बंद ठेवायचा आणि मग उच्चार येत नाही म्हणून हसायचं.

आपला जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यामुळं आपल्याकडं जी उर्दू कचेरीतून आली ती पश्चिम महाराष्ट्राकडं त्या प्रमाणात गेली नाही. तिकडं मामलेदार, इकडं तहसीलदार, आणि म्हाताऱ्यांच्या तोंडी 'तशीलदार'. दरख्वास्तीची 'दरखास' झाली. पण गंमत अशी की हैदराबादच्या राज्यकर्त्यांच्या आसपासची दखनी बोलीसुद्धा दिल्ली-लखनौच्या उर्दूवाल्यांच्या थट्टेचा विषय होती. हैदराबादी माणूस 'क़लम'ला 'ख़लम' म्हणतो. आणि 'नक्को' म्हणतो, जो आपल्याच 'नको'वरून त्यानं उचलला आहे. म्हणजे ज्याच्या कचेरीत आमचा आजा 'दरखास' म्हणून ओशाळला, त्याचीही बोली लखनौला कुणीतरी नाक मुरडून ऐकत होतं. ही उतरंड वर कुठं संपते हे आम्हाला अजून सापडलेलं नाही.

इंग्रजी तरी शिडीची वरची पायरी असेल असं वाटतं. तर तिथलीही गंमत पाहा, आणि आपल्याच नावापासून सुरुवात करा. १९३५ च्या भारत सरकार कायद्यानं आपल्याला 'शेड्यूल्ड कास्ट' हे नाव दिलं. १९४२ ला नागपुरात बाबासाहेबांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन काढलं, मराठीत त्याचं 'शेकाफे' झालं आणि आमच्या वाड्या-वस्त्यांवर 'शेडूल कास फेडरेसन'. यातला बरोबर उच्चार कोणता? लंडनमध्ये 'शेड्यूल', न्यूयॉर्कमध्ये 'स्केज्युल'. अमेरिकेत नोआ वेबस्टरच्या कोशानं 'स्क'ला बळ दिलं. आणि इंग्लंडमध्ये हा शब्द फ्रेंचांकडून आला तेव्हा त्यात ना 'श' होता ना 'स्क', साधा 'स' होता, 'सेड्यूल'. बाबासाहेब कोलंबियात शिकले आणि लंडनलाही. दोन्ही उच्चार त्यांच्या कानांवर पडले असणार. पदव्या दोन्हीकडच्या मिळाल्या.

विल्यम लबॉव्ह या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाचा अभ्यास आम्ही एम.ए.ला असताना वाचला तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला होता. १९६२ साली तो न्यूयॉर्कच्या तीन दुकानांत गेला. एक श्रीमंतांचं, एक मध्यमवर्गाचं, एक गरिबांचं. मुद्दाम असं विचारायचा की उत्तर 'फोर्थ फ्लोअर' यावं. महागड्या दुकानातले विक्रेते त्यातला 'र' जास्त उच्चारत, स्वस्त दुकानातले बहुधा गिळत. म्हणजे न्यूयॉर्कात 'र' म्हणणं प्रतिष्ठेचं. आता अटलांटिक ओलांडून लंडनला या. तिथल्या साहेबी इंग्रजीत शब्दाच्या शेवटचा 'र' गिळणं हीच प्रतिष्ठा, आणि तो ठासून म्हणणारा खेडवळ शेतकरी. 'र' तोच. एका गावात तो तुम्हाला चढवतो, दुसऱ्या गावात उतरवतो. आवाजाला स्वतःची जात नसते, ती बोलणाऱ्याकडून त्याला चिकटते. आपल्या देशात तर हे शब्दशः खरं आहे. जॉन गंपर्झ यांनी उत्तर प्रदेशातल्या खालापूर गावावर १९५८ साली निबंध लिहिला. अस्पृश्य जातींची बोली गावातल्या इतरांपेक्षा वेगळी का राहिली याचं उत्तर त्यांना कामाच्या संबंधांत मिळालं नाही. शेतावर, अंगणात बोलणं रोजच होत होतं. पण बरोबर बसणं, पोरांनी एकत्र खेळणं, मैत्रीतल्या गप्पा, हे नव्हतं. बोलीतली दरी म्हणजे ओसरीवरून उठवल्याची खूण.

मग मराठीत 'प्रमाण' कधी ठरलं? याची तारीख एक नाही, पण वाट दिसते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली छापला गेला, दुसरी आवृत्ती १८५७ ची. साहेबाच्या मदतीला ब्राह्मण शास्त्री होते, आणि त्यांच्या कानाला जे गावठी वाटलं त्यावर कोशात तसा शिक्का बसला. दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ चं. शाळाखात्याची पुस्तकं याच भाषेत निघाली, आणि मग महात्मा फुले लिहायला लागले तेव्हा विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त त्यांच्या विचारांबरोबर त्यांच्या व्याकरणाचीही टिंगल केली. 'गुलामगिरी' १८७३ ची. तिच्यातल्या प्रश्नांना उत्तर देण्यापेक्षा तिच्यातल्या भाषेला हसणं सोपं होतं. ही युक्ती अजून जुनी झालेली नाही, समाजमाध्यमावर आपल्या कुठल्याही पोस्टखाली बघा. जोतीरावांनी १८८५ साली ग्रंथकार सभेचं निमंत्रण नाकारलं त्यामागं हा अनुभवही असणार, असं आम्हाला वाटतं.

आपल्या भागाचं दुर्दैव त्याहून वेगळं. आपल्या बोलीला कुणी हसण्याआधी तिची नोंद तरी व्हावी, तर तीही झाली नाही. ग्रिअर्सनच्या प्रचंड भाषा सर्वेक्षणाचा मराठीचा खंड १९०५ साली आला. त्यानं पुण्याची मराठी प्रमाण धरली आणि वऱ्हाडीपासून कोकणीपर्यंत नमुने दिले. पण हैदराबाद संस्थान त्या सर्वेक्षणाच्या बाहेर होतं. म्हणजे धाराशिव, लातूर, बीडचे आपले पणजे कसे बोलत होते, 'काय करलालास' असं तेव्हाही म्हणत होते का, येडशी-ढोकीवरून बार्शी लाइटची छोटी गाडी १९११ ला लातूरला पोचली तेव्हा त्यांनी 'स्टेशन'चं 'ठेसन' केलं की 'टेशन', हे त्या खंडात नाही.

मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे चौदा नियम १९६२ चे, चार आणखी १९७२ चे. हे नियम लेखनाचे आहेत, ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वाराचे. कुणी कसं बोलावं हे त्यांचं काम नाही. पण शाळेत मास्तरांनी तेच नियम जिभेवर लावले आणि आमच्या पिढीनं ते मुकाट घेतले. पुढं दलित साहित्यानं बोली छापील पानावर आणली. ढसाळांचा 'गोलपिठा', दया पवारांचं 'बलुतं', लिंबाळेंचा 'अक्करमाशी'. त्याचं मोल आम्ही जाणतो. तरी एक खटकतंच. पुस्तकात 'पानी' आलं की समीक्षक त्याला अस्सल म्हणतात. मुलाखतीच्या खोलीत 'पानी' आलं की उमेदवार कच्चा ठरतो.

आता आमच्या त्या तरुणाविषयी. त्याला खलनायक करणं सोपं आहे आणि चुकीचं आहे. त्याला पुण्याच्या एका क्लासात 'आनी' म्हटल्यावर वर्ग हसलेला आहे. त्यानं रात्री आरशापुढं उभं राहून 'ण' घोटलेला आहे. जे त्याच्यावर झालं ते त्यानं आज्जीवर केलं. श्रीनिवास यांनी ज्याला संस्कृतीकरण म्हटलं ते फक्त जानवं घालण्यातून होत नाही, जिभेवरूनही होतं. वरच्याची मोजपट्टी आपण घ्यायची आणि खालच्याला मोजायचं. ब्राह्मणी वर्चस्व बाहेरून येतं हे खरं, पण विहारात ते आमच्या तोंडून आलं. आम्ही गप्प बसलो, म्हणजे आमच्याही.

त्याचा सवाल मात्र खरा आहे. "सर, परीक्षेत 'पानी' लिहिलं तर मार्क जातात. तुम्ही देणार का?" नाही देणार. लेखी परीक्षा, कोर्ट, अर्ज, बातमी यांसाठी एक ठरीव लिखाण लागतं, आणि ते आपल्या पोरांना इतरांपेक्षा चांगलं आलं पाहिजे. 'मन' आणि 'मण' कागदावर वेगळे दिसले पाहिजेत. बाबासाहेबांनी इंग्रजी आत्मसात केली ती साहेबाला लाजवेल अशी. आम्ही प्रमाण भाषा सोडा असं म्हणत नाही. ती अवजार म्हणून घ्या, घमेल्यासारखी. (घमेलं हाही पोर्तुगीज शब्द.) काम झालं की खाली ठेवा. तिनं माणसं मोजू नका, आणि विहारात तर नाहीच. कारण पाली ही आपल्या सगळ्यांसाठी उसनी भाषा आहे, तुमच्यासाठी, आमच्यासाठी, 'ण' घोटलेल्यासाठीही. थायलंडचे भिक्खू 'बुद्धं'ला 'फुत्थंग' आणि 'गच्छामि'ला 'खत्छामि' म्हणतात. ब्रह्मदेशात 'स' दातांत जीभ धरून 'थ'सारखा निघतो, म्हणजे तिथं 'सरणं'ही 'थरणं'च्या वाटेनं जातं. बाबासाहेब १९५४ साली रंगूनच्या धम्म परिषदेला गेले होते, हा उच्चार त्यांच्या कानी पडलाच असेल. कोट्यवधी लोक तसं म्हणून शरण जातात आणि कुणी त्यांना बाणातला ण शिकवत नाही. आमच्या कळंबच्या आज्जीलाच तेवढा शिकवायचा?

हे सगळं आम्ही त्या तरुणाबरोबर बसून बोललो. अशोकाच्या 'लाजा'वर तो खूप हसला आणि मग थोडा वेळ गप्प झाला. नंतरच्या पौर्णिमेला तोच आम्हाला घेऊन आज्जीच्या घरी गेला. म्हणाला, "आज्जी, चला, वंदना तुमीच घ्या. चुकलं माजं." कितीतरी दिवसांनी त्याच्या तोंडून 'तुमी' ऐकलं.

आज्जी ज्वारी पाखडत होती. सूप थांबवलं नाही. निराधारांच्या अनुदानाचे तिचे पैसे चार महिने आलेले नाहीत, कारण तिच्या नावात एक 'ण' आहे. आधार कार्डावर तो 'ण' आहे, बँकेच्या पासबुकात 'न'. कुणा कारकुनानं ती जसं बोलली तसं लिहिलं, दुसऱ्यानं दुरुस्त करून लिहिलं, आणि आता यंत्राला त्या दोन वेगळ्या बाया वाटतात. दुरुस्तीसाठी ती तीनदा तालुक्याला जाऊन आली आहे. तिथं तिला विचारतात, "आज्जी, नाव नीट सांगा, ण का न?" ती दर वेळी तिच्या परीनं नीटच सांगते.

"वंदनंचं ऱ्हाऊ दे आता," ती म्हणाली. "माज्या त्या कागदाचं काय झालं तेवढं बघ."

त्यानं कागद मागून घेतले. सोमवारी तो आणि आमच्यातले दोघं तिला घेऊन तहसीलला जाणार आहेत.